खोतांचा चष्मा आणि अमेरिकेचा फुटबॉल

"कै. दिगंबरराव खोत यांना उतारवयात दृष्टिदोषाने ग्रासले होते. अमेरिकेतील फुटबॉलच्या इतिहासाची पुस्तके जमविण्याचा आगळा छंद असलेल्या या एकाकी वृद्धास आमचे ज्येष्ठ सभासद श्री. आठल्ये रोज दुपारी वाचून दाखवीत. शेजारधर्माचा असा आदर्श विरळाच."

जुईनगरच्या आमच्या सोसायटीने यंदा जी स्मरणिका काढली, तिच्यात हा मजकूर छापला आहे. त्यातले आठल्ये म्हणजे मी. मजकूर माझ्या स्तुतीचा आहे आणि तो खोटा आहे. माझी सारी नोकरी न्यायालयात भाषांतरकार म्हणून झाली. दुसऱ्याच्या साक्षीत आपल्या पदरचा शब्द घालू नये, एवढे मला तेथे शिकवले गेले. तेव्हा स्मरणिका हाती पडताच मी सेक्रेटरी साळवी यांच्या दारात उभा राहिलो आणि शुद्धिपत्र काढण्याची मागणी केली.

"अहो काका, तुमचंच तर कौतुक केलंय," साळवी म्हणाले. "आता त्याचं कशाला टेन्शन घेता?"

"कौतुक खोटं आहे."

"बरं, मग खरं काय ते लिहून द्या. पुढच्या वर्षी बघू."

मी पुढच्या वर्षाची वाट पाहत नाही.

प्रथम पुस्तकांविषयी. खोत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात भांडारपाल होते. पगाराच्या दिवशी ते फोर्टातल्या पदपथावरची जुनी पुस्तके चाळत. परदेशी ग्रंथालयांनी निकालात काढलेली, आत शिक्के असलेली ती पुस्तके. त्यांतून त्यांनी अमेरिकेच्या फुटबॉलचा इतिहास गोळा केला. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे डोक्यावर शिरस्त्राण चढवून हातांनी खेळायचा खेळ, आणि आपण पायांनी खेळतो त्याला तेथे सॉकर म्हणतात, हे त्यांना पहिल्या खरेदीनंतर कळले. चुकीची आलेली ती जाडजूड पुस्तके त्यांनी टाकली नाहीत. खोतांच्या पत्नी शालिनीवहिनी सेक्टरातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देत. त्यांच्या शिलाई यंत्राचा एक पाय आखूड होता, तो त्या शिरस्त्राणवाल्यांनी तोलून धरला. "ह्यांच्या अमेरिकेचा मला एवढाच उपयोग," असे वहिनी म्हणत.

हाच विषय का, असे त्यांना पुष्कळांनी विचारले. खोतांचे उत्तर ठरलेले होते. "जो खेळ त्यांच्याच देशात कुणी बघत नाही, त्याचा इतिहास कुणीतरी सांभाळायला नको? आणि हे छापलेलं आहे, आठल्ये. तोंडी नाही." 'छापलेलं आहे, तोंडी नाही' हे त्यांचे ब्रह्मवाक्य. भाजीवालीने मेथीचा भाव सांगितला तरी ते विचारीत, "हे कुठे छापून आलंय का?"

चौऱ्याण्णव साली विश्वचषक अमेरिकेत भरला आणि जो तो म्हणू लागला, की ज्यांना चेंडूला लाथ मारता येत नाही त्यांच्याकडे हा तमाशा कशाला. खोत तेव्हा सोसायटीच्या सूचनाफलकाचे काम बघत. दुसऱ्याच दिवशी फलकावर खडूने लिहिलेले आढळले : 'पाणी सकाळी सहा ते सात. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत.' पुढच्या आठवड्यात : 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. १९५० : अमेरिका १, इंग्लंड ०.' तळमजल्यावरचे म्हात्रे, ज्यांच्या वाडवडिलांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, ते फलकापुढे उभे राहून म्हणाले, "काका, पानी कवा येनार हाय त्या आधी नीट लिवा. अमेरिका मंग बगू."

माझे आणि खोतांचे पहिले भांडण त्याच फलकापाशी झाले. इंग्लंडवर गोल करणारा तो खेळाडू हैती बेटावरचा होता, शिकता शिकता हॉटेलात भांडी घाशीत होता आणि अमेरिकेचा नागरिकही नव्हता, असे त्यांनीच मला कौतुकाने सांगितले. मी म्हणालो, "मग तो विजय अमेरिकेचा कसा? कोणतेही न्यायालय हे मान्य करणार नाही."

"तुम्ही कुठले, आठल्ये?"

"वाईचा."

"मी राजापूरचा. हा साळवी चिपळूणचा. म्हात्रे सोडले तर या आवारात इथला आहे कोण? तरी रस्सीखेचीत आपण सानपाड्याला ओढलं, तेव्हा जुईनगर जिंकलं म्हणून नाचलात ना?"

मी नाचलो नव्हतो. मी टाळ्या वाजवल्या होत्या. ही दुरुस्ती मी त्यांना तेथेच सांगितली आणि आजही सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझी पत्नी गेली. त्यानंतरच्या काळाविषयी मला फार सांगायचे नाही. दार वाजले तरी मी उघडत नसे. दुधाची पिशवी कडीला लटकत राही. बोलण्याजोगे काही घडत नव्हते आणि घडते तरी ऐकायला कोणी नव्हते.

एका दुपारी दार इतका वेळ वाजत राहिले, की वाजवणे थांबवा असे सांगण्यासाठी मी ते उघडले. बाहेर खोत उभे. काखेत पुस्तक, हातात रुमालात गुंडाळलेला चष्मा. भेटायला येणारे ज्या स्वरात बोलतात, त्या स्वरात ते बोलले नाहीत.

"चष्म्याचा नंबर बदललाय. डॉक्टर म्हणतो, नंबर स्थिर होईतो थांबा. एवढं एक प्रकरण वाचून दाखवता का? मराठीतूनच सांगा, तुमचा धंदाच आहे तो."

मी त्यांना टाळण्यासाठी म्हणालो, "वहिनींना सांगा."

"तिला इंग्रजी येत नाही आणि तुम्हाला काम नाही."

असे मला त्या दिवसांत कोणी बोलले नव्हते. मी पुस्तक घेतले. पोलादाच्या एका कारखान्याचे प्रकरण होते. मालकांनी स्कॉटलंडहून खेळाडू आणले, त्यांना भट्टीवर नोकऱ्या दिल्या आणि दुपारनंतर मैदानावर उतरवले. तासाभराने खोत उठले, म्हणाले, "हे सगळं खोटं असणार. भट्टीवर राबलेला माणूस धावेल कसा?" ज्याने जन्मभर छापील अक्षर प्रमाण मानले, तो छापील अक्षरावर शंका घेतो, याचा मला इतका संताप आला, की पुढचे पान रात्रीच वाचून मी उत्तर तयार ठेवले. दुसऱ्या दिवशी दार मी आधीच उघडले होते.

खोतांचा नंबर पुढे तीन वर्षे स्थिर झाला नाही. या काळात आम्ही त्यांचे सारे कपाट संपवले. गिरण्यांचे संघ, एकमेकींशी भांडून बुडालेल्या संघटना, ओस पडलेली मैदाने. हरलेल्यांचा एवढा इतिहास मी कधी वाचला नव्हता. ते डोळे मिटून ऐकत आणि नेमके चुकीचे काहीतरी बोलत. मी ते खोडून काढी. आवाज चढत. चहा उकळून आटे. एकदा कंटाळून मी एक परिच्छेद गाळला. खोत डोळे न उघडता म्हणाले, "मधलं राहिलं. पावसात झालेल्या सामन्याचं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ओघ तुटला ना. वाचा, वाचा."

ओघावरून पाऊस कसा ओळखता येतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही, कारण मी तेव्हा खोतांवर उपकार करीत होतो.

गेल्या वर्षी खोत गेले. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावले. पुस्तके तुमच्याकडेच शोभतील, म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर कोणाची तरी काळी साडी होती, फॉल अर्धा लागलेला. हात थांबला होता.

"भावजी, एवढा दोरा ओवून देता? मला दिसत नाही."

मी चष्मा पुसला, दोऱ्याला थुंकी लावली, खिडकीपाशी गेलो. दोरा काही नेढ्यात जाईना. वहिनींनी सुई परत घेतली आणि माझ्याकडे न पाहता बोलल्या. त्या जे बोलल्या, ते कोठेही छापून आलेले नाही. तोंडीच आहे. खोतांनी ते मान्य केले नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही स्मरणिकेतल्या त्या मजकुरातला दृष्टिदोष कोणाचा, एकाकी कोण आणि शेजारधर्म कोणी पाळला, याचा निकाल त्या एका गोष्टीने लागतो, म्हणून ती साक्ष त्यांच्याच अर्थाने, पदरचा शब्द न घालता, नोंदवतो.

दवाखान्यात नेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वहिनींच्या सुईत काळा दोरा खोतच ओवून देत असत, आणि तोही चष्मा काढून ठेवून.