निजलेली अक्षरे

सोपानरावांच्या घरी नऊ गोधड्या होत्या आणि त्यांतली एकही माणसाच्या अंगावर नसे. आठ गोधड्यांत काचेची अक्षरे निजत, नववीत त्यांना उजळणारा ट्रान्सफॉर्मर. स्वतः सोपानराव पोते पांघरत. ऐन थंडीत कोणी त्याविषयी विचारलेच, तर ते शांतपणे सांगत, "माझी हाडं मोडली तर जुळतील. काच न्हाय जुळत."

धाराशिवात आमच्या दारासमोरच त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. लग्नाच्या मांडवांना दिव्यांच्या माळा लावणे हा त्यांचा व्यवसाय. पत्नी निवर्तलेली, एकुलती कन्या सास्तूरला दिलेली. दुष्काळाची ती वर्षे. वीजकपात सुरू झाली, तशा दुकानदारांनी आपापल्या निऑनच्या पाट्या उतरवल्या. वाकवलेल्या काचनळ्यांची ती अक्षरे भंगारवाल्यालाही नकोशी होती. सोपानराव मात्र ती गोधडीत बांधून सायकलच्या कॅरिअरवर ठेवीत आणि सायकल हाती धरून, खड्डा चुकवीत, पायी घरी आणीत. टॉकीजची अक्षरे आली, लॉजची आली, सहकारी ग्राहक भांडाराचीही आली. कोणी पाहू मागितली, की हे ओठांवर बोट ठेवीत. "निजलंय ते. उठवू नगा."

एकदा एका संध्याकाळी लॉजची पाटी पेटते का हे पाहण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या दारावर टांगली. पाटी पेटली, आणि तासाभरात वळकटी व ट्रंक घेऊन एक जोडपे दारात उभे राहिले. सोपानरावांनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली, दुष्काळातले घागरभर पाणी दिले, आतली खोली मोकळी करून दिली आणि स्वतः ओट्यावर पडले. सकाळी मला अभिमानाने म्हणाले, "लोक वळखतात गुरुजी मला. वळख नसता कोण वस्तीला येतंय?" साऱ्या गल्लीला वाटले, हा त्यांचा विनोद. मीही पोटभर हसलो.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. निऑनच्या अक्षरात जो भाग दिसू नये, तेवढ्या नळीवर काळा रंग फासलेला असतो. सोपानरावांनी तो मळ समजून रॉकेलच्या बोळ्याने दिवसभर घासून काढला. मग ते अक्षर असे काही पेटले की वाटावे, जिलबीच तळली. आम्ही हसू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "हसा. पर कसं मोकळं झालंय बघा." त्याही वेळी मला काही उमगले नाही. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवणाऱ्याची ही दृष्टी!

पुढे तीही गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. गावात नेत्रशिबिर भरायचे होते, ते पाण्याअभावी पावसाळ्यापुढे ढकलले गेले. माझा नित्याचा अध्याय मला मुखोद्गत होता. तथापि पोथीतल्या अक्षराचे दर्शन घडल्याविना पूजा अपुरी वाटे. हे डोळे परत उघडतील की नाही, ही एकच चिंता मनात असे. घरच्यांना कळू नये म्हणून मी पोथी मांडीवर उघडून बसे व पाठ म्हणे. सर्वांना फसवले. सोपानरावांना फसवता आले नाही.

"गुरुजी," ते शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "चार दिस झालं. तुम्ही पान उलटलं न्हाय."

त्या दिवसापासून, वीज असेल त्या तिन्हीसांजेला, माझी संध्या आटोपली की ते गोधडीतले एक अक्षर आणून माझ्यासमोर उभे करीत. ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागे आणि माझ्या डोळ्यांपुढच्या धुक्यात तांबडी रेघ उमटे. "कोणतं हाय?" ते विचारीत. मी वेळ लावून ओळखी. "वर एक तिरपी रेघ दिली तर?" मी सांगे. "आन् म्होरं उभी दांडी दिली तर?" मी तेही सांगे. मला वाटे, माझी दृष्टी आणि बुद्धी दोन्ही तपासली जात आहेत. पण खरे सांगतो, त्या तांबड्या अक्षरापुढे मी हात जोडीत असे. माझ्या अंधारात देवाने एवढी एक खिडकी ठेवली होती आणि ती उघडायला हा शेजारी नेमला होता.

पाऊस झाला. शिबिर भरले. जाड भिंगांचा चष्मा नाकावर आला, आणि मी पोथीचे पान उलटले. दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन सोपानरावांच्या घरी गेलो.

भिंत पाहून उंबऱ्यातच थबकलो. अक्षरांच्या प्रत्येक गोधडीच्या वर कोळशाने आतले एकेक अक्षर गिरवलेले होते, आधी थरथरते, मग जरा सरळ, मग ठाम. मी सांगितलेले एकूणएक तिथे होते. लॉजची पाटी आणि रॉकेलचा बोळा, दोन्ही मला त्या क्षणी समजले. परीक्षा माझी नव्हतीच; अक्षरे ते शिकत होते.

सोपानरावांनी खाली पाहत कोपऱ्यातली गोधडी सोडली. काचेच्या अक्षराखाली पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. सास्तूरहून आलेली, कन्येच्या हातची.

"एवढी वर्षं कोणाकडून वाचून का नाही घेतलीत?" मी विचारले.

"गल्लीतलं कुणीबी वाचून दिलं असतं," ते म्हणाले. "पर लेकीचं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात ऐकू वाटंना."

मग त्यांनी सर्वांत वरचे कार्ड घेतले, दाराच्या उजेडात धरले आणि ओळीखाली बोट ठेवले. दोन शब्द लागले. तिसऱ्यापाशी बोट अडले. जुन्या सवयीने मी पुढे वाकलो, सांगण्यासाठी तोंड उघडले.

त्यांनी दुसरा हात वर केला.

"थांबा गुरुजी," ते म्हणाले. "उठतंय ते."