चोपन्न किलो

दामूकाका माणसाला नाव विचारत नाहीत, वजन विचारतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सरावलीच्या चाळीत राहायला आलो, त्या दिवशी वडील डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होते. वरच्या मजल्यावरचे काका उतरत होते. वाट द्यायची सोडून त्यांनी वडिलांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गादी सोडून बहात्तर?"

वडील लातूरकडचे, सरळ माणूस. दम खात म्हणाले, "एकाहत्तर."

मग काका माझ्याकडे वळले. "आणि तुजं?"

"चोपन्न," मी चाचरत म्हणालो. या वयाला हे वजन सांगायची मला लाज वाटते.

काका थबकले. "रोज कुठं जातोस?"

"पालघरला. कॉलेजात."

"मी पन तिकडंच जातो कारखान्यात. उद्यापास्नं माज्या मागं बसायचं."

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात सगळ्यांनाच असं न्यायला कुणीतरी येत असेल, असं आईला वाटलं. मला वाटलं, माणूस चांगला आहे. चांगला आहेच, पण कारण वेगळं होतं.

काकांची मोटरसायकल जुनी, रंग उडालेली. तिचे मागचे शॉकअप मात्र चकचकीत. कंपनीचे काढून त्यांनी बाहेरचे, गॅसचे बसवले होते. त्यांची स्प्रिंग मागे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे खाचेवर घट्ट-सैल करता येते. खाली एक छोटं बटण असतं, ते टिक टिक करत फिरतं. दबलेली स्प्रिंग किती सावकाश वर यावी, हे त्यावर ठरतं. खाच फिरवायचा, हुकासारखा वाकडा पाना काका शर्टाच्या खिशात ठेवतात, जिथे मी पेन अडकवतो तिथे.

काकांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं, "फार मऊ ठेवलं ना, तर खड्डा कळत नाय, पन वळनावर गाडी रिकाम्या होडीसारखी डुलते. कडक ठेवलं तर वळनावर रेघ मारल्यागत जाते, पन रस्त्यावरचा एकेक खडा मनक्याला येऊन भेटतो. मऊ म्हंजे सुख नाय, कडक म्हंजे शिस्त नाय."

हे वाक्य ते कशालाही लावायचे. आईच्या भाकरीला लावलं. कमी मार्कांवरून वडील माझ्यावर ओरडले, तेव्हा दारात उभं राहून वडिलांनाही लावलं.

रोज सकाळी ते एखादी टिक पुढे-मागे करायचे आणि आम्ही निघायचो. उमरोळी आलं की गाडी बाजूला घ्यायचे, मागे वळायचे आणि विचारायचे, "कंबर?"

"बरी आहे."

"बरी म्हंजे काय? डावी का उजवी?"

आपल्याला कंबर आहे आणि तिला दोन बाजू आहेत, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. अर्धी झोप डोळ्यांत घेऊन मी रोज कंबरेचा खरा खरा अहवाल देत राहिलो. खोटं सांगितलं असतं तर दोघंही लवकर सुटलो असतो. पण ते इतक्या आशेने बघायचे की सांगवलं नाही.

यामागचं कारण चाळीत सगळ्यांनाच माहीत होतं. आम्ही यायच्या थोडं आधी काका हिराकाकींना, म्हणजे बायकोला, घेऊन समुद्रकाठच्या नवापूरहून येत होते. शॉकअप तेव्हा नवे होते, काकांनी ते हौसेने अगदी मऊ ठेवले होते. वळणावर गाडी डुलली आणि काकी पडल्या. कंबरेला मार बसला. दवाखान्यातून त्या विश्रांतीला नवापूरला माहेरी गेल्या आणि तिथेच राहिल्या. बोंबील वाळवायचे, विकायचे, भावाकडे जेवायचं. काका दर रविवारी जायचे आणि सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन एकटेच परत यायचे.

"रिक्षानं आना की वो," एकदा आई म्हणाली.

काका कसनुसं हसले. "ती म्हनते, रिक्षानं आले तर पावनी म्हनून येईन. घरात न्यायची असेल तर ज्या गाडीवरनं पाडलात त्याच गाडीवरनं न्या. पन माज्या कंबरेला कळता कामा नाय."

परीक्षेच्या आठवड्यात माझं वजन उतरलं. काकांनी आपल्या काट्यावर मला उभं केलं. बावन्न भरलो. ते घरात गेले आणि दोन किलो मिठाची पिशवी आणून माझ्या दप्तरात कोंबली. अर्थशास्त्राचा पेपर मी पायाशी दोन किलो मीठ ठेवून लिहिला.

त्या संध्याकाळी मी वैतागून विचारलं, "काका, चोपन्नच का?"

त्यांनी खिशातून घडीवर घडी पडलेला दवाखान्याचा कागद काढला. काकींचं नाव, वय आणि खाली वजन: चोपन्न.

त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

परवाच्या शुक्रवारी उमरोळीला त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "काका, आज कंबर आहे हेच विसरलो होतो." गाडीला किक मारत ते म्हणाले, "रविवारी नवापूरला चल. जाताना तू बस. येताना ती बसंल."

नवापूरला काकी बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाच काय तो, माज्या जागी बसनारा?"

मी मान डोलावली, तशा त्या काकांकडे वळल्या.

"काय बोलला मग हा? दुखत नाय?"

"नाय गो. दोन वर्सं विचारतोय त्याला."

काकींनी पदर खोचला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसल्या. मी मागे उभा होतो, म्हणून मला आधी दिसलं. मी बसलो की स्प्रिंग दोन बोटं खाली जाते. काकी बसल्या तेव्हा जेमतेम अर्धं बोट गेली.

काकांनाही ते कळलं असावं. त्यांनी काकींना उतरायला सांगितलं, खिशातून पाना काढला आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. दोन्ही बाजूंनी एक खाच सैल केली. मग आणखी एक. सगळ्या सरावलीला वजन विचारणाऱ्या माणसाने तिला काहीच विचारलं नाही. हात स्प्रिंगवर तसाच ठेवून, वर न बघता ते म्हणाले, "जेवत नव्हतीस काय गो?"

"दुसऱ्याच्या चुलीवरचं किती जेवनार?" काकी म्हणाल्या. "उठा आता. उभ्यानंच कंबर दुखाया लागली."

ते गेले, सावकाश. मी बसने परत आलो.

सोमवारी सकाळी मी सवयीने जिन्याखाली दप्तर घेऊन उभा राहिलो. वर काकांच्या घरातून फोडणीचा वास येत होता. काका आले, गाडी सुरू केली, माझ्याकडे पाहून ओशाळले.

"आता खाच बदलायची नाय रे, बाळा. तू जड पडशील."

मला आजवर कुणी जड म्हटलं नव्हतं. मी दप्तर खांद्यावर टाकलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागलो.