बदलीवरचे माने

"उजवा गुडघा, आत या."

माने रोग्यांना नावानं हाक मारत नसत. चामराजपेटेतल्या आमच्या नर्सिंग होममध्ये ते एक्स-रे काढायचे आणि मी बाहेरच्या टेबलावर बसून रोग्यांची नावं लिहून घ्यायची. ती नावं ते वाचतही नसत. एकदा भर बाजारात त्यांनी एका जाड्या व्यापाऱ्याला विचारलं, "काय मनगट, बरं आहे ना?" त्या बिचाऱ्यानंही नमस्कारासाठी नेमकं तेच मनगट वर केलं.

मान्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत अधूनमधून कन्नड. कायमचा माणूस आखातात गेला होता. तो येईपर्यंत म्हणून यांना घेतलं, त्याला तीनेक वर्षं होत आली होती. नळ गळतो, पंखा करकरतो, काहीही सांगा, "सरी, बरोबर आहे, पण मी टेंपररी," असं म्हणून ते मोकळे व्हायचे. डब्याची पिशवीसुद्धा खुंटीला लावत नसत. म्हणायचे, खुंटी परमनंट माणसाची.

दर गुरुवारी राधाबाई यायच्या. वय झालेलं, मुलगी हुबळीला, घरी एकट्याच. बरगडीत दुखतं म्हणायच्या. डॉक्टरांनी पूर्वीच एक्स-रे पाहून काही नाही असं सांगितलं होतं. तरी माने त्यांना आत घ्यायचे. बाहेर आवाज यायचा, "झोपा अक्का. स्वल्प डावीकडे. श्वास घ्या. धरा. सोडा." दारावरचा लाल दिवा मात्र लागायचा नाही.

एकदा मी विचारलं, "अण्णा, मशीन बंदच असतं ना?"

"मग? धडधाकट बाईला उगीच किरणं कशाला द्यायची?"

"मग आत करता काय?"

"बघतो. तेवढंच पाहिजे असतं त्यांना."

पुढे आखातातला माणूस परत आला आणि माने त्याच संध्याकाळी डबा उचलून गेले. गुरुवारी राधाबाई आल्या. नव्या माणसानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. त्या थोडा वेळ बाकावर बसल्या आणि निघून गेल्या. मी मान्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन करून राधाबाई येऊन परत गेल्याचा निरोप ठेवला.

पुढच्या गुरुवारी त्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून माने बसले होते.

"इकडून चाललो होतो," ते म्हणाले. राहायला ते हेब्बाळला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

राधाबाई आल्या तसे ते उठून उभे राहिले. "अक्का, आता माझ्याकडे मशीन नाही."

"कळलं मला." राधाबाई बसल्या आणि त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "वाळलात तुम्ही. घरी स्वयंपाक कोण करतं?"

माने चपलांकडे बघत राहिले. "बायको होती तोवर ती करायची. आता मीच. बहुतेक भाताला फोडणी देऊन चित्रान्नच."

"मी आज आमटी केलीय," राधाबाई उठत म्हणाल्या. "एकटीला फार होते. चला."

मी खिडकीतून बघत होते. रस्ता ओलांडताना मान्यांनी त्यांचा हात धरला की त्यांनी मान्यांचा, ते नीट दिसलं नाही. मध्ये एक ऑटो आडवी आली.