अधांतरी कपाट

२०१७ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत सीतारामआबांचा नंबर आदल्याच वर्षी लागला होता. घोडपदेवच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आबा आणि कमलाबाई दोघंच राहत. आबा गिरणीत फिटर होते. गिरणी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण कागद मात्र त्यांनी एकूण एक जपले होते. ते घेऊन सोमवारी अकरा वाजता तपासणीला बोलावलं होतं. मूळ कागद नसतील तर घर पुढच्या नंबराला जाईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

पत्र्याच्या ट्रंकेत उंदरांनी आबांच्या हजेरीकार्डाचा कोपरा कुरतडला, म्हणून कमलाबाईंनी लोखंडी कपाट घेतलं. गुरुवारी ते आलं आणि खाली चौकातच राहिलं, कारण चाळीचा जिना अरुंद. गिरण्या चालू होत्या तेव्हा असल्या कामाला नुसती एक हाक पुरायची. पाळी सुटून आलेली बारा माणसं गॅलरीत उभी राहायची, वरच्या तुळईवरून दोर टाकायची आणि बघता बघता कपाट वर. एकदा तर पिठाची चक्कीसुद्धा तशी वर गेली होती. आता हाक मारली तर एकाची कंबर निघाली, दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल निघाला, आणि जिमला जाणारा अनिमेष म्हणाला, "आज्जी, आज माझा फक्त पायांचा व्यायाम असतो."

राहिला पहिल्या मजल्यावरचा गौतम. तो होता विमा कंपनीत, पण त्याने आणि त्याच्या दोस्ताने, अभयने, मिळून एक जुनी जीप घेतली होती. रविवारी कर्जतच्या पुढे जाऊन ती चिखलात घालायची आणि बाहेर काढायची, असा तो छंद. त्या ग्रुपचा नियम होता, की गाडीला विंच हवा. म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळून ओढून काढणारं यंत्र. तयार विंचचा विषय निघाला तेव्हा गौतमची बायको सीमा फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ लग्नाच्या नऊ वर्षांत गौतमला कळला होता. म्हणून त्याने विंच घरी केला. भंगारातल्या ट्रकची स्टार्टर मोटार, आबांनी दिलेला गिरणीतल्या मशीनचा गिअरबॉक्स, आणि चालू करायला घरच्या दारावरचं बेलचं बटण. तेव्हापासून दूधवाला खालूनच ओरडायचा.

"गौतम, तुझं ते जीप ओढतं म्हणे," कमलाबाई म्हणाल्या.

"दीड टन, मावशी."

"मग माझं कपाट काय रे, दीड टनाचं आहे?"

रविवारी सकाळी जीप चौकात उभी राहिली. दोर तिसऱ्या मजल्याच्या तुळईवरच्या कप्पीतून फिरवून कपाटाला बांधला. आबांनी मोटारीवर हात ठेवून बघितलं.

"दहा सेकंद चालव, दोन मिनिटं थांब. स्टार्टरची मोटार आहे ती. गाडी चालू केली की झोपायची सवय तिला."

"आबा, मी मोबाइलवर सगळं बघितलंय."

"मोबाइलमध्ये मोटार तापलेली कळते काय?"

गौतमने बटण दाबलं. कपाट हललं, डुललं आणि सुरेख वर निघालं. गॅलऱ्यांमधून मोबाइल बाहेर आले. अभय म्हणाला, "थांबू नको, मस्त शूट होतंय." गौतम थांबला नाही. कपाट दुसरा मजला ओलांडून गेलं आणि जीपमधून करपलेला वास आला. मग धूर आला. मग काहीच आलं नाही. कपाट दोन मजल्यांच्या मध्ये, कुणाच्याच गॅलरीतून हात पोचणार नाही अशा बेताने लटकत राहिलं.

"खाली तरी घे," सीमा म्हणाली.

"घेता येत नाही. आबांचा गिअरबॉक्स सोडत नाही."

"गिरणीचा माल आहे," आबा म्हणाले. ते चौकात स्टुलावर पिशवी घालून तिच्यावर बसले होते.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कमलाबाईंचा बारीक आवाज आला. "गौतम, फाईल आत आहे."

"कसली फाईल?"

"घराची."

कपाट रिकामं घरात आलं तर घर रिकामं राहतं, असं कमलाबाईंची सासू सांगायची. आबा असलं काही मानत नसत. विहारात तसं भाषणही करत, पण घरात भाषण करत नसत. म्हणून कमलाबाईंनी आदल्या संध्याकाळी खाली येऊन, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कपाटात ठेवली होती आणि किल्ली कमरेला खोचली होती.

गौतमने पुन्हा बटण दाबलं.

"दाब, दाब," सीमा म्हणाली. "कुणी दार तरी उघडेल."

"फायर ब्रिगेडला बोलवू या का?" अभयने विचारलं.

"तू आधी तो मोबाइल खिशात घाल."

पण तोवर बातमी गॅलऱ्यांतून फिरली होती. आबांच्या घराचे कागद वर लटकलेत, आणि उद्या अकराला तपासणी आहे. कंबरवाला आला. कॉलवाला कानातलं न काढताच आला. अनिमेष आला, हातांसकट. गौतम आणि अभय धरून बारा माणसं तिसऱ्या मजल्यावर जमली. गळ टाकून त्यांनी कपाटाच्या बांधणीत दुसरा दोर अडकवला. खालून आबांनी जुनी हाळी दिली, "हं... घ्या." कितीतरी वर्षांनी त्या तुळईवर दोर करकरला, आणि पाच मिनिटांत कपाट गॅलरीत.

कमलाबाईंनी किल्ली फिरवली. आत डांबरगोळ्यांची पुडी होती. फाईल नव्हती.

कमलाबाई खाली बसल्या. जिन्यावरून एकेक पायरी चढत आबा आले. त्यांनी बुडाखालची पिशवी आणली होती, तिच्यातून फाईल काढून बायकोच्या मांडीवर ठेवली.

"सकाळीच काढली. दुसरी किल्ली माझ्याकडे असते."

"आबा, मग बोलला का नाहीत?" गौतमचा आवाज रडवेला झाला होता.

"कपाट तीन दिवस खाली होतं. किती जण आले?" आबांनी गॅलरीभर नजर फिरवली. "फाईलीला आले."

"म्हणजे कपाट रिकामंच आलं ना घरात," कमलाबाई म्हणाल्या.

"गोळ्या होत्या की."

सोमवारी कागद पास झाले. घराची किल्ली मिळायला मात्र तीन वर्षं गेली. घर मिळालं सतराव्या मजल्यावर, आणि तिथल्या लिफ्टमध्ये कपाट मावेना. कमलाबाई म्हणाल्या, बारा माणसं ओळखीची व्हायच्या आत आपलं आयुष्य संपेल, आणि कपाट त्यांनी सीमाला देऊन टाकलं. अभयने स्कूटर घेतली. अनिमेष आता हातांचाही व्यायाम करतो. गौतमची जीप विंचसकट त्यानंतरच्या पहिल्याच चिखलात रुतली, ट्रॅक्टरने काढली आणि पुढे विकली गेली. विंच फुकटसुद्धा कुणी नेला नाही.

रिकामं कपाट घरात घेऊ नये, म्हणून सीमाने आधी त्यात विंच ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली. दुसरी किल्ली आबा चुकून नव्या घरी घेऊन गेले. गौतम हल्ली दर रविवारी त्यांना भेटायला जातो. सीमा शेजारणींना सांगते, म्हाताऱ्यांवर फार जीव आहे हो त्याचा.