कचऱ्याच्या खोलीतला जानवसा

एक गोष्ट आधीच सांगतो. औंढ्याच्या रोडवर मी बांधलेल्या मंगल कार्यालयात कचऱ्यासाठी जी खोली आहे, तशी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणी बांधलेली नाही! ग्रीन बिल्डिंगमध्ये कचऱ्याची जागा आधी ठरवायची असते, मागून कुठंतरी कोंबायची नसते. मी तर नकाशावर पहिली रेघ तिचीच ओढली. उत्तरेची बाजू, आरपार वाऱ्याला जाळ्या, छतापर्यंत टाइल्स. पुठ्ठ्याला वेगळा कप्पा, बाटल्यांना वेगळा, भंगाराला वेगळा. रस्त्याकडचं दार तर एवढं रुंद, की टेम्पो थेट उंबऱ्याला लागावा! भंगारवाल्या मुन्नाला मी बजावूनच ठेवलं होतं, "खोलीत दिसंल ते उचलायचं. कुणाला इचारत बसायचं न्हाई!"

उरलेल्या जागेत बाकीचं कार्यालय बसवलं. नवरदेवाकडच्यांची उतरायची खोली, म्हणजे जानवसा, तेवढी पश्चिमेला, पत्र्याखाली गेली.

कार्यालयातलं पहिलंच लग्न माझ्या भाचीचं, पुनमचं. लेकरू माझ्या खांद्यावर वाढलेलं. दोन सोयरिकी मोडून ही तिसरी जुळलेली. माझी बहीण मनकर्णाअक्का सकाळपासून देवापुढून उठत नव्हती.

साखऱ्याहून वऱ्हाड आलं. ऊन मे महिन्याचं. घटकाभरात विश्वंभरदाजी, म्हणजे पुनमचे वडील, घामाघूम होऊन माझ्याकडं आले.

"अवो, पाहुणे भाजून राहिले त्या पत्र्याखाली! सटवाजीराव सदरा काढून बसले!"

सटवाजीराव नवरदेवाचे वडील. कडक माणूस.

"घाबरू नका दाजी, माझ्यापाशी याच्याहून भारी खोली आहे!"

खोली कोरी होती, कचऱ्याचा कपटाही पडलेला नव्हता. भिंतीवर कप्प्यांची नावं तेवढी रंगवलेली. त्यांवर चादरी बांधल्या, खाली गाद्या टाकल्या. सटवाजीराव आत आले, अंगाला वारा लागला, आणि माणूस चक्क हसला!

"वा! याला म्हणतेत जानवसा! कुणी काढली हो ही खोली?"

"मीच!" मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

जेवून पाहुणे आडवे झाले, अन् मुन्नाचा टेम्पो उंबऱ्याला लागला. त्यानं दार उघडलं. नवरदेवाच्या पोशाखाची ट्रंक उचलली, टेम्पोत टाकली. मग आहेराची भांडी. मग सटवाजीरावांचे जोडे. ते खडबडून जागे झाले.

"ए! काय करून राहिला रे?"

"भंगार नेऊन राहिलो, काका. साहेबांचा हुकूम हाय. तुमी उलीसं सरका, गादी बी घ्यायची हाय."

गादीच्या ओढाताणीत भिंतीवरची चादर सुटली. सटवाजीरावांच्या डोक्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'भंगार'. अक्षर माझंच.

"आमाला कचऱ्यात उतरवलं? वऱ्हाड माघारी! गाड्या काढा!"

दाजींनी त्यांच्या पायावर टोपी ठेवली. मी हात जोडले, "सोयरे, सगळ्यात चांगली खोली म्हणून दिली हो!"

"चांगली हाय ना? मग तूच बस तिथं! लग्न लागंस्तोवर बाहेर पाय टाकायचा न्हाई. कबूल असंल तरच पोरगं अंतरपाटापाशी येईल."

मी कबूल झालो. पोरीच्या लग्नासाठी मी भट्टीतही बसलो असतो. पण पुनम अडली. हळदीच्या अंगानं तशीच येऊन उभी राहिली.

"माझ्या माघं मामा उभा न्हाई तं मी बी उभी राहत न्हाई. मोडलं तं मोडू द्या!"

अक्का पुन्हा देवापुढं धावली. तिसरी सोयरीकही मोडत होती, आणि या वेळी कारण मी होतो! काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दार टेम्पोच्या मापाचं आहे. मी आत राहतो. पुनम उंबऱ्याबाहेर, नवरदेव तिच्यासमोर रस्त्यावर. मामा मागंही राहील, खोलीतही राहील!"

"रस्त्यावर? या उन्हात?" सटवाजीराव गुरगुरले.

"उत्तरेची बाजू आहे, सावली असते."

त्यांनी बाहेर डोकावलं. सावली होती. मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "धरा मंग अंतरपाट!"

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळं गाव रस्त्यावर, हातात अक्षता. उंबऱ्याआत मी, बाहेर माझी लेक. माझ्या डोळ्यांतलं पाणी काही खळेना. शेवटच्या मंगलाष्टकाला पुनमनं मान हळूच मागं वळवली. आता परक्या घरी जाणार पोर, मामाला काहीतरी सांगतेय! मी कान पुढं केला.

"मामा," ती दात दाबून म्हणाली, "पाय उचला. कवापासून माझ्या पदरावर उभे राहिलेत तुमी!"