सुधारित पाना, नमुना क्रमांक सात

मानवजातीची प्रगती म्हणजे मुळात नट आवळण्याची आणि तो पुन्हा सैल करण्याची हकिगत आहे, हे कुणीही विचारी माणूस मान्य करील. (अविचारी माणसाकडून नट तुटतो, पण प्रगती थांबत नाही, कारण मग नवा नट मागवावा लागतो.) या हकिगतीत ज्यांची नावं छापली गेली ते बहुतेक अभियंते होते आणि ज्यांच्या बोटांची सालं निघाली ते बहुतेक फिटर होते. कामाची इतकी नेटकी वाटणी दुसऱ्या क्षेत्रात क्वचितच आढळेल.

शहराच्या पाणीपुरवठा केंद्रातले हेडफिटर दुसऱ्या गटातले. त्यांना सगळे आवळदादा म्हणत. गळका सांधा दिसला की बाकीचे लोक आधी ‘अरेरे’ म्हणत आणि ते आधी ‘आवळ’ म्हणत, एवढाच फरक. केंद्रात पाच पंप होते, बावीस व्हॉल्व्ह होते आणि नट इतक्या मापांचे होते की प्रत्येकासाठी वेगळा पाना वागवायचा तर सोबत हातगाडी लागली असती. म्हणून दादा जबडा सरकणारा पाना वापरत. अंगठ्याने चक्री फिरवायची, जबडा नटाच्या मापाचा करायचा, नटावर बसवायचा आणि दांडा ओढायचा. खोट एकच होती. जोर लावला की चक्री आपणहून किंचित मागे फिरे, जबडा केसभर सैल होई, पाना निसटे, आणि जो जोर नटासाठी होता तो सगळा दादांच्या बोटांसकट शेजारच्या लोखंडावर जाई.

“ही बोटं आहेत का सोललेले बटाटे?” दादांची बायको विचारी. ती घरी शिवणकाम करायची आणि तिच्या मते बोटांना भोक पडणं समजू शकतं, पण साल निघणं हा निव्वळ निष्काळजीपणा होता.

एका रविवारी ती मोडक्या छत्रीचं कापड उसवत होती आणि दादा समोर बसून बोटांना मलम लावत होते. छत्रीच्या काठीवर तो स्प्रिंगचा छोटा खटका असतो, बाहेर आला की छत्री मिटत नाही आणि दाबला की मिटते, तो ती सारखा दाबत होती, सोडत होती.

“थांब,” दादा म्हणाले. “परत कर.”

“काय परत करू?”

“तेच. टिक-टिक.”

तिसऱ्या रविवारी खटका पान्यावर बसला. चक्री फिरवून माप घेतलं की खटका तिच्या दात्यात अडके आणि कितीही जोर लावला तरी चक्री हलत नसे. काम झालं की खटका दाबायचा, जबडा सुटायचा. दादांनी तो पाना दोन महिने वापरला. दोन महिन्यांत त्यांच्या बोटांवर नवी साल येऊ लागली, ती बायकोने दोनदा हात हातात घेऊन बघितली आणि बटाट्यांचं नाव काढलं नाही, म्हणजे ती खूश झाली.

इथे दादांनी गप्प बसायला हवं होतं. पण चांगली गोष्ट सगळ्यांना मिळावी असं काही माणसांना वाटतं, त्यातले ते. त्यांनी पाना नेऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मोठे साहेब गुणग्राहक होते. त्यांनी पाना उलटासुलटा करून बघितला, खटका सात वेळा दाबला आणि म्हणाले, “वा! याची समिती नेमली पाहिजे.”

हस्तचलित समायोज्य पाना सुधारणा समितीत नऊ सदस्य होते. त्यांपैकी आयुष्यात पाना हातात धरलेले सदस्य दोन. (एकाने फोटोसाठी, दुसऱ्याने उडणाऱ्या कागदांवर ठेवायला.) समितीने निःपक्षपातीपणाने काम केलं, हे सांगायलाच हवं. खटका उत्तम आहे यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं आणि जे उत्तम आहे त्यात सुधारणेला भरपूर वाव असतो, यावर दुसऱ्या बैठकीत.

नमुना क्रमांक एकमध्ये खटक्याला झाकण आलं, कारण सुरक्षा अधिकारी बाईंना त्यात नख अडकण्याची शक्यता दिसली. दोनमध्ये झाकणाला कुलूप आलं, कारण झाकण कुणीही उघडू शकत होतं. कुलपाची किल्ली भांडारात ठेवायची ठरलं. तीनमध्ये दांड्यावर सूचना कोरल्या: पाना वापरण्यापूर्वी पुस्तिका वाचावी, पाना तोंडात धरू नये, पान्याचा वापर पाना म्हणूनच करावा. सगळा मजकूर मावावा म्हणून नमुना चारमध्ये दांडा वीतभर लांब झाला. लांबीमुळे वजन वाढलं, म्हणून पाचमध्ये उचलायला दुसऱ्या बाजूने कडी बसवली. सहावा नमुना टेबलावरून सुरक्षा अधिकारी बाईंच्याच पायावर पडला, त्यामुळे तो अहवालात नाही.

दादांना दर बैठकीला बोलावत आणि दाराबाहेरच्या बाकावर बसवत. “तांत्रिक शंका आली तर लागाल,” असं त्यांना सांगितलं होतं. पाच महिन्यांत एकही तांत्रिक शंका आली नाही.

क्रांती झाली ती सातव्या नमुन्यात. आकडेवारी जमवणाऱ्या सदस्याने सिद्ध केलं की मागच्या पाच वर्षांत पान्यामुळे झालेल्या शेहेचाळीस इजांपैकी शेहेचाळीस इजा जबडा सरकल्यामुळे झाल्या होत्या. इतके महिने सगळे चक्रीकडे बघत होते आणि खरा गुन्हेगार तिच्या वर बसून होता! जबडा सरकतो म्हणून अपघात होतो. सबब जबडा सरकू नये. ठराव एकमताने झाला आणि जबड्याला वेल्डिंग करण्यात आलं. ‘समायोज्य’ हा शब्द मात्र कायम ठेवला, नाहीतर फाइलचं नाव बदलावं लागलं असतं.

आता प्रश्न उरला मापाचा. त्यावरही समितीने मनमानी केली नाही. केंद्रातले चारशे बारा नट मोजले, त्यांची सरासरी काढली आणि जबडा पंचवीस पूर्णांक तीन दशांश मिलिमीटरवर कायम केला. त्या मापाचा केंद्रात एकही नट नव्हता. पण सरासरीने तो सगळ्यांना बसत होता. लहान नटासाठी फटीत पत्र्याची पट्टी सरकवावी. मोठ्या नटाबाबत कर्मचाऱ्याने संयम बाळगावा.

अनावरणाच्या दिवशी दादांना पहिल्यांदाच आत खुर्ची मिळाली, तीही पहिल्या रांगेत. मोठ्या साहेबांनी समितीच्या नऊ जणांचं कौतुक केलं, टंकलेखकाचं केलं, चहा देणाऱ्याचं केलं आणि शेवटी म्हणाले, “आणि हे आपले दादा. यांचंही सहकार्य लाभलं.” टाळ्या झाल्या. मग एका माणसाने पान्याच्या नकाशाचा मोठा कागद दादांसमोर धरला. खाली उजव्या कोपऱ्यात छापलं होतं, ‘मूळ संकल्पना’, आणि त्यापुढे रिकामी रेघ.

दादांनी नकाशा वाचला. तीस वर्षं नकाशे वाचणारा माणूस. जबड्याच्या मुळाशी वेल्डिंगची खूण होती. ती त्यांना दिसली, पुरती कळली. पण फोटोवाला समोर उभा होता, मोठ्या साहेबांचा हात खांद्यावर होता, आणि रेघेवर नाव दुसऱ्या कुणाचं नाही, त्यांचं यायचं होतं. त्यांनी सही केली. वळणदार केली.

घरी बायकोने नवा पाना हातात घेतला. तिला तो दोन हातांनी धरावा लागला. “आणि सरकतं काय यात?”

“काही सरकत नाही.”

“मग?”

“मोठी माणसं आहेत. त्यांना काहीतरी दिसलं असेल.”

“आणि तुम्हाला काय दिसलं?” तिने विचारलं. दादांनी त्या दिवशी न सांगता भांडी घासली.

जुने पाने जमा होऊन भट्टीत गेले. त्यात खटक्याचा पानाही गेला, कारण तो मंजूर नमुन्याशी जुळत नव्हता.

सव्वा महिन्याने, भर दुपारी, तीन नंबरच्या पंपाचा सांधा गळायला लागला. पाळीवर पंपवाला होता. त्याला लंबू म्हणत. व्हॉल्व्हघराच्या बुटक्या दारातून जाताना कपाळ हमखास आपटणारा केंद्रातला तो एकमेव माणूस. दादा तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. लंबूने भांडारातून नमुना सात आणला, नियमाप्रमाणे पत्र्याची पट्टी सरकवली, चोवीसच्या नटावर जबडा बसवला आणि ओढला. पट्टी उडाली. पाना सुटला. त्याचं सगळं वजन लंबूच्या उजव्या अंगठ्यावर गेलं, आणि अंगठ्याखाली पाइपाची लोखंडी कड होती.

डॉक्टरांना अंगठ्याचं पुढचं पेर काढावं लागलं.

दादा दवाखान्यात गेले. पलंगाशेजारी स्टूल होतं, त्यावर ते बसले नाहीत. लंबूचे पाय पलंगाबाहेर आले होते. बँडेज बांधलेला हात त्याने उशीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“फार दुखतंय का रे?”

“आता नाही. सुई दिलीय.” “दादा, एक सांगू? तो पाना हातात घेतला तेव्हाच मला वेगळा वाटला होता. ठेवून देणार होतो. मग भांडाराच्या भिंतीवर लावलेल्या नकाशावर तुमची सही बघितली. म्हटलं, दादांनी बघितलंय ना, मग झालं.”

दादांनी लंबूच्या पायांवर चादर ओढली. ती पुरली नाही.

चौकशीसाठी तीच समिती बसली, कारण विषयाचा अनुभव तिलाच होता. पाच महिने श्रेयाची नऊ जणांत वाटणी करणाऱ्या या समितीने या वेळी कमालीचा त्याग दाखवला. प्रत्येक सदस्याने आपल्या वाटणीचं श्रेय तत्काळ परत केलं आणि अवघ्या वीस मिनिटांत संपूर्ण पाना, कडी, कुलूप आणि सूचनांसह, एकट्या आवळदादांचा असल्याचं निष्पन्न झालं. एखाद्या कामगाराला इतकं निर्भेळ श्रेय मिळाल्याचं केंद्राच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

“ही सही तुमची?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“माझीच.”

“म्हणजे तुम्ही दोष मान्य करता?”

“करतो,” दादा म्हणाले. ते उभेच होते. “जबड्याला वेल्डिंग आहे हे मला दिसलं होतं. हा पाना नट धरणार नाही, हेही कळलं होतं. तरी सही केली. फोटो निघत होता म्हणून. तुम्हा नऊ जणांना काही कळलंच नव्हतं, तुमचं ठीक आहे. मला कळलं होतं, म्हणून माझा गुन्हा मोठा. पोराचं पेर माझ्या सहीने गेलं.”

सुरक्षा अधिकारी बाई टेबलाकडे बघत राहिल्या. बाकीच्यांनी हळूच कागद सारखे केले. इतिवृत्तात या निवेदनाचा पूर्ण गोषवारा आहे: ‘कर्मचाऱ्याने दोष मान्य केला.’

शिक्षा म्हणून दादांना हत्यार हातात घ्यायची बंदी झाली आणि उरलेल्या नोकरीसाठी भांडारात बसवलं गेलं. काम एकच, मागेल त्याला नमुना सात देणं.

तिथे दादांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ती वाचणारे ते पहिलेच. कलम अकरामध्ये त्यांना हवं ते सापडलं: ‘पाना ज्या नटासाठी हवा त्याचे माप जबड्याशी जुळत असल्याची खात्री करूनच द्यावा.’ मग जो कुणी खिडकीशी येई त्याला ते विचारत, “कुठला नट? माप?”

“तीसचा.”

“जुळत नाही. मिळणार नाही.”

“मग मी काय करू, दादा?”

“तक्रार लिही. हा कागद, हे पेन. बस इथे, मी सांगतो.”

सहा महिन्यांत त्यांनी एकही पाना दिला नाही. एकशे अठरा तक्रारी लिहून घेतल्या आणि वर पाठवल्या. रविवारी ते लंबूकडे जात आणि त्याला डाव्या हाताने काम करायची सवय व्हावी म्हणून त्याच्यासोबत स्वतःही डाव्या हाताने टेबलाला खिळे मारत बसत. दोघांचे मिळून फार खिळे वाकडे जात.

वर काय झालं ते आता सांगतो. तक्रारींचा गठ्ठा कुणी उघडला नाही, पण आकडेवारी उघडली. नमुना सातमुळे सहा महिन्यांत झालेल्या इजा: शून्य. असा निकाल जगातल्या कुठल्याही पान्याने आजवर दिलेला नव्हता. समिती भारावून गेली. जो पाना केंद्रात इतका सुरक्षित ठरला तो फक्त केंद्रापुरता ठेवणं हा जनतेवर अन्याय ठरला असता. सबब, शहरातल्या प्रत्येक घरी नमुना सात सक्तीचा करावा, आणि घरातले सगळे नळ, नट व जोड पंचवीस पूर्णांक तीन दशांश मापाचे बदलून घ्यावेत, असा मसुदा तयार झाला.

कारभार लोकशाही पद्धतीने चालतो, त्यामुळे मसुदा तीस दिवस चौकाचौकातल्या फलकांवर लावला. हरकत नोंदवायला फक्त एक ओळ लिहायची होती. दादांनी ती पहिल्या दिवशी लिहिली. कर्मचारी हे नागरिक नसल्याने परत आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने लिहिली. नातेवाईक म्हणून फेटाळली गेली. लंबूने डाव्या हाताने लिहिली, ती वाचता आली नाही. तिसाव्या दिवशी संध्याकाळी मुदत संपली आणि गप्प राहिलेल्या सर्वांची मसुद्याला संमती आहे असं धरण्यात आलं.

संमती देणाऱ्यांची यादी आता प्रसिद्ध झाली आहे. नावं अक्षरक्रमाने लावली आहेत. तुमचंही आहे, अगदी बिनचूक छापलंय. त्या महिन्यात तुम्ही फलकावरून रोज जात होतात. एकदा तर थांबला होतात, पहिल्या दोन ओळी वाचून मनापासून हसलाही होतात, आत्ता वाचताना हसलात ना, तस्संच. पाना उद्या सकाळी घरपोच येईल. दोन हातांनी घ्या.