शिवून घेतलेला कॉम्प्युटर

"तयार मिळतो की दुकानात," भाऊ म्हणाला. "खोका उचलायचा, घरी आणायचा, वायर लावायची. सुटे भाग निवडत बसायचं कुणी सांगितलंय?"

आत्याबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांच्यासमोर तयार कपड्यांचं नाव काढायचं नाही, हे त्यांच्या या भावाला लहानपणापासून नाही तरी गेली वीस वर्षं पक्कं ठाऊक होतं. तोच नियम कॉम्प्युटरलाही लागू आहे, हे मात्र त्याला त्या क्षणी कळलं.

आत्याबाईंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. शाळा उघडायच्या आधीच्या पंधरवड्यात त्यांच्या दारापासून कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत रांग लागायची. आयांच्या हातात कापड, पोरांच्या चेहऱ्यावर सुट्टी संपल्याचं सुतक आणि आत्याबाईंच्या गळ्यात टेप. कुठल्या पोराचा डावा खांदा उतरता आहे, कुठली पोरगी वर्षाला तीन बोटं वाढते, हे त्यांना त्या पोरांच्या आयांच्या आधी कळायचं. मग एका वर्षी मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान उघडलं. लहान, मध्यम, मोठा. तीन मापांत त्यांनी सगळं गाव बसवलं. रांग तिकडे गेली ती परत फिरलीच नाही. अजूनही रस्त्यात एखाद्या पोराच्या शर्टाचा खांदा कोपराकडे ओघळलेला दिसला, की आत्याबाईंचा हात आपोआप गळ्याशी जाई, टेप चाचपायला.

"रेडिमेड नाही," त्या म्हणाल्या. "पोरीला मापाचा करून घ्यायचा."

पोरगी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सोळा. गावातल्या चार मुलींचा एक संघ होता. आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, चौघी कॉम्प्युटरवर एकत्र खेळायच्या आणि म्हणे सामनेही जिंकायच्या. त्यातली एक परगावी गेली आणि जागा रिकामी झाली. संघाच्या कॅप्टनने भाचीची चाचणी ठेवली होती, रविवारी सकाळी दहाला. अडचण एकच होती. घरात होता तो भावाच्या नोकरीतला म्हातारा लॅपटॉप. त्याच्यावर शत्रू दिसेपर्यंत भाचीला मरून अर्धं मिनिट झालेलं असे. रविवारपर्यंत नवा कॉम्प्युटर आला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती, आणि ती दुसरी मुलगी वर्गात भाचीच्या पुढच्याच बाकावर बसत असे. म्हणजे हे दुःख रोज वेणीसकट समोर दिसणार होतं.

आत्याबाईंची एक ठेव नुकतीच सुटली होती. साठ हजार. ते त्यांनी भाचीपुढे ठेवले आणि बजावलं, की यात काय ते बसव, वर एक दमडी मिळायची नाही. भाचीने दोन दिवस इंटरनेट धुंडाळून यादी केली. पण तिच्या प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवारपर्यंत होत्या, म्हणून बाजारात जायचं काम आत्याबाईंनी अंगावर घेतलं. भाचीने त्यांना समोर बसवून समजावलं. प्रोसेसर म्हणजे डोकं, मदरबोर्ड म्हणजे सगळं जिच्यावर जोडायचं ती पाटी, ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज वाटतो आणि कॅबिनेट म्हणजे हे सगळं ठेवायचा डबा.

"म्हणजे कापड, अस्तर, कॅनव्हास आणि बटणं," आत्याबाई म्हणाल्या. "यात न कळण्यासारखं काय आहे?"

"आत्या, फक्त एक लक्षात ठेव. आपल्याला मिड-रेंज हवाय. मधला."

"मधला म्हणजे मध्यम?" आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मध्यम कुणाच्याच मापाचा नसतो."

निघण्याआधी त्यांनी खिडकीजवळची जागा मोजली. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कपाट, मधे साडेआठ इंच. भिंतीपासून पुढे पंधरा. तो आकडा त्यांनी वहीत टिपला आणि टेप गळ्यात घालून त्या बाजारात गेल्या.

दुकानदाराला बाजारात सगळे मामा म्हणत. त्याने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण चौदा कॅबिनेटं ओळीने मांडायला लावून प्रत्येकाची रुंदी, उंची आणि घेर मोजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. तेरा नापास झाली. चौदावं, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं, जुन्या धाटणीचं, रुंदीला आठ आणि खोलीला बरोबर साडेचौदा इंचांचं निघालं. आत्याबाईंनी ते बाजूला काढून ठेवलं.

पॉवर सप्लाय यादीत साधाच होता. मामाने तो काढून दिला. आत्याबाईंनी एका हातात तो आणि दुसऱ्या हातात त्याच्या शेजारचा महागडा उचलून पाहिला. महागडा दुप्पट जड होता.

"साधाच घ्या मावशी," मामा म्हणाला. "आत असतो तो. कुणाला दिसतोय?"

"अस्तरही आतच असतं," आत्याबाई म्हणाल्या. "हलकं लावलं की वरचं भारी कापड सहा महिन्यांत आवळतं. जड द्या."

त्यामुळे दोन हजार जास्त गेले. ते कुठून तरी काढणं भाग होतं. प्रोसेसरपाशी ती संधी आली. तोच प्रोसेसर डब्यात घेतला तर एक किंमत, बिनडब्याचा घेतला तर दोन हजार कमी. आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात कधी खोक्याचे पैसे मोजले नव्हते. बिनडब्याचा द्या, म्हणाल्या. मामा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि फोन संपेपर्यंत आत्याबाई कार्डांच्या काचेशी पोचल्या होत्या.

यादीतलं ग्राफिक्स कार्ड दोन पंख्यांचं, नऊ इंचांचं. त्याच्या शेजारी त्याच भावात गेल्या वर्षीचं एक पडलं होतं, तीन पंख्यांचं. त्यांनी टेप लावला. पावणेतेरा इंच. एकाच भावात पावणेचार इंच जास्त मिळत असताना कमी कापड घरी नेणारी शिंपीण अजून जन्माला यायची होती. शिवाय हिशेब इतका जमला, की भाचीने यादीच्या तळाशी बारीक अक्षरात, आशेपोटी लिहिलेला रंगीत दिव्यांचा कीबोर्डसुद्धा बसला. आत्याबाई रिक्षातून खोकी घेऊन उतरल्या तेव्हा त्यांच्या बटव्यात चाळीस रुपये उरले होते आणि चेहऱ्यावर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवटचं बटण लावून झाल्याचं तेज होतं.

शुक्रवारी दुपारी बैठकीच्या खोलीत चादर अंथरून आत्या-भाची बसल्या. भाऊ वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत होता. तो पूर्वी शाळा तपासनीस होता. निवृत्त झाल्यावर तपासायला शाळा नसल्या, तरी सवय शाबूत होती.

भाचीने प्रोसेसर जागेवर बसवला आणि खोक्यांमधून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"आत्या, याचा पंखा कुठाय?"

"कसला पंखा?"

"प्रोसेसरचा. तो लागतोच. डब्यात असतो."

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. "तयार कॉम्प्युटरमध्ये पंखा असतो," भाऊ म्हणाला आणि वर्तमानपत्र परत वर गेलं.

पंख्याचं बघू, असं म्हणून आत्याबाईंनी कार्ड घालून बघायला सांगितलं. भाचीने ते सरळ धरून घातलं, तिरकं करून घातलं, मागून घातलं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आत एक पत्र्याचा पिंजरा होता आणि कार्ड त्याला जाऊन टेकत होतं. बरोबर दोन बोटं कमी. भाचीने कार्ड चादरीवर ठेवलं. ती रडली नाही, पण पुढच्या बाकावरची वेणी तिला दिसायला लागली होती हे आत्याबाईंना कळलं. राहू दे आत्या, पुढच्या वेळी बघू, असं ती इतक्या शहाण्यासारखं बोलली, की आत्याबाईंना ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या उठल्या आणि तडक दुकानात गेल्या. मामाने भिंतीवरची पाटी दाखवली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बदलून हवा तर सील न फोडलेला. कार्डाचं सील फुटलं होतं. कीबोर्डचं फुटलं नव्हतं. रंगीत दिवे गेले आणि त्यांच्या बदल्यात पंखा आला.

"पण मावशी, कार्ड बसणार नाही हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मामा खरंच चकित झाला होता. "तुम्ही टेप घेऊन आला होतात. मला वाटलं आतूनही मोजलंय."

घरी येताना आत्याबाई रस्ताभर हेच घोळवत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी माणसांची मापं घेतली होती आणि माणूस बाहेरूनच मोजतात. आतून किती जागा आहे हे मोजायची वेळ कधी आलीच नव्हती.

भावाने मोठं कॅबिनेट घ्यायला पैसे पुढे केले. तसा तो मनाचा वाईट नव्हता. आत्याबाईंनी ते घेतले नाहीत. कापड बेतताना आपण चुकलो, म्हणून गिऱ्हाइकाकडे दुसऱ्यांदा हात पसरायचा नसतो, एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी रिकामं कॅबिनेट खिडकीपाशी उजेडात धरलं आणि आत डोकं घातलं.

"हा पिंजरा कशासाठी?"

"पूर्वीच्या मोठ्या डिस्क ठेवायला," भाची म्हणाली. "आपली तर बोटाएवढी आहे, पाटीवरच बसते."

"म्हणजे खिसा आहे, पण ठेवायला काही नाही. मग उसवू या."

"आत्या, तो रिव्हेटने ठोकलाय."

"रिव्हेट म्हणजे टाकाच ना? माणसाने घातलेला टाका माणसाला काढता येतो."

भावाने खुर्चीतूनच तीन हरकती घेतल्या. डबा फाटेल, हमी जाईल आणि हे काम बायकांचं नाही. तिसरी हरकत ऐकून स्वयंपाकघरातून भावजय बाहेर आली, म्हणाली, "वन्सं, मी धरते," आणि पदर खोचून कॅबिनेटच्या दुसऱ्या टोकाला बसली. आत्याबाईंनी पेचकस आणि हातोडी घेऊन पहिल्या रिव्हेटवर घाव घातला. रिव्हेट जागचा हलला नाही, पेचकस भावाच्या खुर्चीखाली गेला. भाऊ उठला, कपाटाच्या वरच्या खणातून आपलं ड्रिल मशीन काढून आणलं. गेल्या दहा वर्षांत त्याने त्याला कुणाला हातही लावू दिला नव्हता.

"सरका," तो म्हणाला. "तुमच्या हातून डबाही जाईल आणि बोटंही."

सहा रिव्हेट होते. पहिल्याला पंधरा मिनिटं लागली, सहाव्याला दोन. पिंजरा सुटून आला तेव्हा भावाने तो दिव्याजवळ नेऊन चारी बाजूंनी तपासला. पत्र्याचा कीस झाडून झाल्यावर आत्याबाईंनी कापलेल्या धारेवर जाड चिकटपट्टी अशी दुमडून लावली, जशी बाहीला पट्टी लावतात. भाची म्हणाली, आत कोण बघणार आहे. कच्ची कड उघडी ठेवायची नाही, हे त्यांनी तिला सांगितलं आणि मग कार्ड आत सरकवलं. ते बसलं. अंगासरशी बसलं आणि पुढे श्वास घ्यायला बोटभर जागाही राहिली.

संध्याकाळी चारला सगळं जोडून झालं. लॅपटॉपची निम्मी बटणं बसल्यापासून भाऊ त्याला एक साधा कीबोर्ड जोडत असे, तो आला. माउसही आला. पंखे फिरले. चौघंही त्या डब्याकडे कौतुकाने बघत उभे राहिले.

"छान झालाय," भावजय म्हणाली. "पण दिसणार कशावर?"

भाची लॅपटॉपवर वाढलेली, पडदा वेगळा विकत घ्यावा लागतो हे तिच्या यादीत आलंच नव्हतं आणि यादीत नाही ते आत्याबाई आणणार कशा? भावाला यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. कारण तिघींच्याही नजरा एव्हाना भिंतीवरच्या टीव्हीकडे वळल्या होत्या. तो टीव्ही भावाचा होता आणि रविवारी सकाळी तो लागला नाही असं कधी झालं नव्हतं.

"दहा ते अकरा," भाऊ म्हणाला. "अकराला मला बातम्या हव्यात."

अशा रीतीने, खिडकीजवळच्या साडेआठ इंचांसाठी बेतलेला कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली मुक्कामाला आला, जिथे हत्ती बसला असता.

रविवारी दहाच्या ठोक्याला भाचीने हेडफोन चढवले. टीव्हीवर कोण कुणाला मारतंय, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या खेळ बघतच नव्हत्या. डब्यावर तळहात ठेवून बसल्या होत्या, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोमट होता. अर्ध्या तासानेही कोमटच होता. भाऊ आधी वर्तमानपत्राआडून बघत होता, मग वर्तमानपत्राशिवाय. डावीकडे, डावीकडे, भिंतीमागे, असं तो पुटपुटल्याचं भावजयीने ऐकलं. अकरा वाजले. बातम्यांची आठवण कुणी काढली नाही.

सव्वा अकराला भाचीने हेडफोन काढले.

"घेतलं मला," ती म्हणाली आणि आत्याबाईंच्या मांडीत तोंड खुपसलं. मग थोड्या वेळाने, तिथूनच: "कॅप्टनचा दोनदा बंद पडला. माझा का नाही पडला, म्हणून विचारत होती."

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक उंच मुलगी उभी होती आणि तिने चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं जड छातीशी धरलं होतं. ती कॅप्टन होती. कॉम्प्युटर नवाच आहे, तिने सांगितलं, तयार घेतलाय, मोठ्या दुकानातून, पण अर्ध्या तासात तव्यासारखा तापतो आणि बंद पडतो. दुकानवाले म्हणतात, हा असाच असतो.

"जरा सैल करून मिळेल का?" तिने विचारलं.

आत्याबाईंनी झाकण काढलं. आत एक रिकामा पिंजरा होता आणि त्याला नाक टेकून एक कार्ड गुदमरत होतं. त्यांचा हात गळ्याशी गेला. टेप तिथेच होता. या खेपेला त्यांनी आधी आतून माप घेतलं.

"गुरुवारी या," त्या म्हणाल्या.

"पण सामना बुधवारी आहे."

"मग बुधवारी सकाळी. त्याआधी मंगळवारी एकदा बसतंय का ते बघून जा."

कॅप्टनने मान हलवली. तोवर भाऊ ड्रिल घेऊन येऊन बसलाही होता. त्याने चष्मा वर सरकवला, रिव्हेटवरून बोट फिरवलं, एकेक करून मोजले आणि शाळेचा शेरा लिहिताना करायचा तसा चेहरा केला.

"बारा आहेत," तो म्हणाला. "आणि एकही सरळ नाही. रेडिमेडचं हे असंच असतं."